विडा, मशेरी आणि सरकार

दिवाळीच्या फराळावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण फराळ आटोपल्यावर पुढे येणाऱ्या पानाच्या तबकाची आठवण फारसे कोणी काढत नाही. चिवडा काय, उभ्याउभ्यानेही खाता येतो. विडा लावायचा म्हणजे मांडी घालून बसावे लागते, पानाच्या शिरा काढाव्या लागतात, बोटावर चुना घ्यावा लागतो. आणि एकदा अडकित्ता वाजू लागला, की अबोल पाहुणाही मनातले बोलू लागतो. आपल्या भाषेनेही या तबकाला केवढा मान दिला आहे! लग्न ठरले की सुपारी फुटते. अवघड काम पत्करायचे तर विडा उचलावा लागतो. पुढे मुंबईच्या गुंडांनी माणूस मारण्याच्या कंत्राटालाही 'सुपारी' म्हणायला सुरुवात केली. भाषेला कधी कधी डॉक्टरांच्या आधी कळते, ते असे!

डॉक्टरांचा निकाल 2004 साली छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेला विडा, एवढेच काय, नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. रोज सुपारी चघळणाऱ्याच्या गालाचे आतले अस्तर हळूहळू चामड्यासारखे ताठ होते. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी जातात. याच्या तोंडात पुढे पुढे एकही जात नाही. मग त्यात तंबाखूची भर पडली, तर काय सांगावे!

आमच्या कोकणातल्या आत्याचा शौक विड्याचा नव्हे, मशेरीचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि हिरड्यांना लावायची. वय एक्याऐंशी. मागे दात दाखवायला नेले, तेव्हा डॉक्टरांना तिच्या गालात एक पांढरा चट्टा दिसला. असा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो, मशेरी सोडा, असे त्यांनी समजावून सांगितले. आत्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. घरी आल्यावर मी तोच विषय पुन्हा काढला, तेव्हा म्हणाली, "बाबा रे, नवरा मला विचारून दिला नाही, घर विचारून दिले नाही. ही एवढी चिमूट काय ती माझी. तीही आता सरकारला विचारून लावू?"

यावर काय बोलावे? 1859 साली मिल्लने स्वातंत्र्यावरच्या आपल्या ग्रंथात हेच तर मांडले होते, की शहाण्या माणसावर केवळ त्याच्या हितासाठी सक्ती करू नये. आगरकरांना प्रिय असलेला हा तत्त्वज्ञ आमच्या आत्याच्या बाजूने उभा राहिलेला पाहून मी निरुत्तर झालो.

पण मिल्लने एक अपवाद ठेवला होता, लहान मुलांचा. आणि आत्याची पहिली चिमूट? दाढ दुखते म्हणून आईने ती तिच्या हिरडीला लावली, तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती. म्हणजे नवऱ्यासारखी ही चिमूटही तिला विचारून दिलेली नव्हती!

इथे मला गुटख्याची पुडी आठवते. गोड, सुवासिक, खाऊच्या पैशात येणारी आणि मुलाच्या नजरेसमोर तोरणासारखी लटकणारी. महाराष्ट्राने 2002 साली तिच्यावर बंदी घातली. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार राज्याचा नव्हे, केंद्राचा, असे ठरवून ती रद्द केली. 2012 साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली ती पुन्हा आली. मधल्या काळात, 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिचे दुकान मांडणे गुन्हा ठरले होते. व्यापारी काही कमी नाहीत. बंदीनंतर मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी निघाली, गिऱ्हाइकाने तळहातावर एक करावी म्हणून! तरीही मला ही बंदी रास्त वाटते. खाणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि विकणाऱ्याचे स्वातंत्र्य यांना एकाच तागडीत घालायला माझे मन घेत नाही.

शिवाय 'माझे नुकसान माझ्यापुरते' हे म्हणणे परळला टिकत नाही. 1941 साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्या बाहेर, पदपथावर बिऱ्हाड मांडून राहिलेली माणसे मुंबईकरांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. पथारीवर नवरा असतो, उशाशी बायको असते, आणि शेत गावी गहाण पडलेले असते.

म्हणून आत्याच्या डबीवर पोलीस धाडावा असे मात्र मी म्हणणार नाही. सरकारने तिच्याकडे यावे ते बॅटरी घेऊन. तोंडातला हा रोग पुष्कळदा आगाऊ सूचना देतो. चट्टा पाहायला बॅटरीचा उजेड आणि जीभ दाबायची एक पट्टी पुरते. ती पट्टी घेऊन दारी येणारी आरोग्यसेविका मला दहा फलकांहून मोलाची वाटते.

आत्याने मशेरी सोडलेली नाही. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला मात्र ती कबूल झाली आहे, तेही एस. टी. चे भाडे मी द्यायचे या अटीवर. गेल्या महिन्यात तिच्या चार वर्षांच्या पणतीने डबीकडे हात नेला, तर आत्याने तो असा फटकारला की पोर घाबरून रडायला लागली. तेव्हापासून ती डबी फळीवर नसते. आत्या ती कमरेला खोचून ठेवते.