दप्तर दिसलं म्हणजे मूल हजर?

आजचा धडा मुलांचा नाही, माझा स्वतःचा आहे.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात २० संगणक आहेत. प्रत्येकापाशी जाऊन सॉफ्टवेअर टाकत बसावं लागत नाही. मायक्रोसॉफ्ट इंट्यूनमधून एका जागी बसून ते सगळीकडे पाठवता येतं. हे काम माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी भूमितीचं नवं सॉफ्टवेअर असंच पाठवलं. यादीत २० च्या २० संगणकांपुढे 'इन्स्टॉल झाले' असं दिसलं. मी निश्चिंत!

पहिल्याच तासाला मागून आवाज आला, "सर, माझ्या कॉम्प्युटरवर ते नाहीच."

मी जागेवरूनच म्हणालो, "आहे. नीट शोध."

पोरगी बिचारी निम्मा तास शोधत बसली. शेवटी मी उठून पाहिलं. सॉफ्टवेअर खरंच नव्हतं! सगळे संगणक तपासले, तर चार ठिकाणी हीच गत.

हे कसं झालं? सॉफ्टवेअर टाकण्याआधी ते आधीपासून आहे का, हे ही व्यवस्था तपासते. कशावरून ओळखायचं, तो नियम आपणच द्यायचा असतो. त्याला 'डिटेक्शन रूल' म्हणतात. मी नियम दिला होता : अमुक नावाचं फोल्डर दिसलं की सॉफ्टवेअर आहे असं समज. त्या चार संगणकांवर पूर्वी जुनी आवृत्ती होती. ती काढली, पण एक-दोन फाइली मागे राहिल्या आणि त्यांच्यासकट फोल्डरही. व्यवस्थेला फोल्डर दिसलं, तिने हजेरी लावली आणि पुढे काही केलंच नाही. बाकावर दप्तर पाहून मुलाला हजर मांडावं, तसंच हे.

तुमच्याकडे असं झालं तर आधी त्या संगणकापाशी जाऊन डोळ्यांनी बघा. मग नियम वाचा. नुसतं फोल्डर तपासू नका. ज्या फाइलने सॉफ्टवेअर सुरू होतं ती फाइल आणि तिची आवृत्ती तपासायला सांगा. कधी उलटही होतं : सॉफ्टवेअर असतं, पण सापडत नाही. नियम रजिस्ट्रीतली नोंद शोधत असेल, तर ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट सॉफ्टवेअरची नोंद बहुधा 'वाव६४३२नोड' या वेगळ्या कप्प्यात असते, हे लक्षात ठेवा.

मी नियम बदलला. दुसऱ्या दिवशी चारही संगणकांवर सॉफ्टवेअर आलं. पण एक काम उरलं होतं. वर्गासमोर मी त्या मुलीला म्हणालो, "तुझं बरोबर होतं, चूक माझी होती." ती नुसती हसली.

यादी काय म्हणते ते मी मानलं, आणि समोर बसलेल्या मुलीचं मानलं नाही. खरं सांगू? सॉफ्टवेअरपेक्षा हेच जास्त लागलं. तुमच्या वर्गात, तुमच्या घरी, एखादं मूल "नाहीये" म्हणालं, तर "नीट शोध" म्हणण्याआधी एकदा उठून बघाल ना?