एक जूनची माणसे

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे एक जूनला जन्मलेली माणसे फार. मीही त्यांतलाच. आई सांगे, मी आवणीच्या दिवसांत झालो. पाऊस नुसता कोसळत होता. पण शाळेच्या दाखल्याला आवणी कळत नाही. मास्तरांनी १ जून लिहिले आणि ते मोकळे झाले. पुढे मीही मास्तर झालो. 'पोर कधीचे?' विचारले की बाप म्हणे, "बोहाड्याची सोंगे नाचत होती तेव्हाचे." मी मान हलवी आणि १ जून लिही.

गेल्या वर्षी एक जुनी विद्यार्थिनी पोराला कडेवर घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, बा गेला. मी कधी झाले, तुम्हाला काय सांगितले होते त्याने?" मला काही केल्या आठवेना.

यंदा गणपतीत पुतण्या आला. माझ्या नोंदी संगणकावर चढवायला बसला, तो तारखेशी अडला.

"काका, एका यंत्रातून दुसऱ्यात माहिती जाते ती 'जेसन' नावाच्या साध्या मजकुरातून. त्याला अक्षरे, आकडे, खरे-खोटे, याद्या, इतकेच काय, 'काही नाही' हेसुद्धा कळते. पण तारीख हा प्रकारच त्यात नाही."

"मग रे?"

"मग आपणच शिकवायचे. जाताना तारखेची अक्षरे कशी करायची, हा एक नियम. येताना अक्षरांची पुन्हा तारीख कशी करायची, हा दुसरा. दोन्ही जुळले नाहीत, तर ०१/०६ ची पलीकडे सहा जानेवारी व्हायची! म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस."

मी गप्प झालो. वीस वर्षे मी जातानाचा नियम तेवढा पाळला होता. बोहाड्याचा एक जून केला. एक जूनचा पुन्हा बोहाडा करण्याची वाट ठेवलीच नव्हती.

"तारखेशेजारी आणखी दोन रकाने ठेवता येतील का रे?" मी विचारले. "एक 'अंदाजे', आणि दुसरा 'घरच्यांनी सांगितलेले'?"

त्याने दोन्ही नियमांत भर घातली. पहिली नोंद माझीच केली: १९८२-०६-०१, अंदाजे – खरे, सांगितलेले – आवणी, फार पाऊस. ती त्याने आपल्या यंत्रावर धाडली आणि तिथे उघडून दाखवली. तारखेची तारीखच राहिली होती, आणि आईचा पाऊसही शेजारी तसाच होता.

त्या मुलीच्या नोंदीत मात्र तो रकाना रिकामा आहे. दिवाळी झाली की तिच्या पाड्यावर जाणार आहे. एखाद्या म्हातारीला आठवत असेल.