मालक कोण?

आणे पठारावर पाऊस बेताचाच. जुन्नर-आंबेगावातल्या अशा कोरडवाहू गावांतून माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. कुणी गिरणीत, कुणी पोती उचलायला, कुणी डबे पोचवायला. गिरणी कामगाराला एक मालक होता, त्यामुळे कायदाही होता. उरलेल्या दोघांची गोष्ट वेगळी.

०

डबेवाल्याच्या डोक्यावरच्या ट्रेमध्ये तीस-चाळीस डबे. टोपणावर रंगाने खूण: स्टेशन, इमारत, मजला. टोळीची कमाई एकत्र, खर्च वजा जाता वाटणी सारखी, मुकादमालाही तेवढीच. टोपी नसली तर दंड, पण तो आपल्यातल्यांनीच ठरवलेला. चैत्रात जत्रेला सगळे एकदम गावी. रजेचा अर्ज करायचा कुणाकडे? 2011च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनासाठी डबे बंद राहिले. तो संप म्हणावा, तर मालक कुठे होता?

०

माथाड्याला मालक उदंड. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969चा माथाडी कायदा आला. व्यापाऱ्याने मजुरी या कायद्याखालच्या मंडळात भरायची, वर लेव्ही. मंडळ पगार वाटणार, लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, हे खरं. पण एवढी साधी आणि चालणारी युक्ती आपल्या कामगार कायद्यांत दुसरी नाही, असं माझं मत.

०

याच गावांतली पोरं आता चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर नाहीतर पुण्यात ॲपवर. 21 नोव्हेंबर 2025पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखान्यात 300पेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी नको. चाकणच्या छोट्या शेडमधल्याने हे आधी वाचावं.

०

या चारांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरचा, म्हणजे गिग, कामगार आहे. त्याच्यासाठी कंपनीने उलाढालीच्या 1 ते 2 टक्के भरायचे, तेही कामगारांना देय रकमेच्या 5 टक्क्यांच्या आत. औद्योगिक संबंध संहितेत मात्र त्याचा उल्लेख नाही. विमा मिळेल, पण रेट उतरला, आयडी बंद झाला, तर भांडायचं कुठे?

०

राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला: कल्याण मंडळ, आणि ॲपवरच्या व्यवहारामागे शुल्क. म्हणजे आपला माथाडी कायदाच! 1969 साली पोत्यांचा हिशेब हाताने लिहावा लागे. ॲपवर प्रत्येक ऑर्डरची नोंद कंपनीकडे आधीच असते, मंडळाने ती फक्त मागायची.