विसार देण्यापूर्वी

वसईत नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस वारंवार बोलावणे येते. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये एका धर्मग्रामस्थाने असेच बोलावले. रेल्वेतून निवृत्त होताना मिळालेली भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी घालून त्याने तळमजल्यावर सदनिका घेतली होती. खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडत असता आमचे लक्ष खिडकीबाहेर गेले. रस्ता जोत्यापेक्षा उंच होता. पलीकडे भरावाच्या मातीतून पाणथळ गवत डोकावत होते. ही जागा पूर्वी खाजणाची, हे आम्हांस ठाऊक होते. तरी आनंदाच्या घरी उणे कशाला बोलावे, असे वाटून आम्ही गप्प राहिलो.

जुलै २०१८ मध्ये वसईत अतिवृष्टी झाली. १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडून लोकल खोळंबल्या. त्या घरात पाणी मांडीपर्यंत चढले. दुसऱ्या मजल्यावरील एका गुजराती कुटुंबाने त्या माणसांना चार रात्री आसरा दिला. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो, तेव्हा भिजलेल्या गाद्या जिन्यात पडल्या होत्या. घरधनीण म्हणाली, "फादर, तुम्ही तर इथलेच. तुम्हांला ठाऊक नव्हतं का?"

आम्ही खाली मान घातली.

वाचकहो, किनाऱ्यालगतच्या गावात दोन पाण्यांचा हिशेब मांडावा लागतो: आभाळातून येणारे आणि खाडीतून चढणारे. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली, की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही. ते वस्तीत तुंबते. आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले राखली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, मुरे, आणि विहिरींना गोडवा येई. आपण अनेक बावखले बुजवली, भातखाचरांवर भराव टाकला. पाण्याची जागा आपण घेतली, मग पाण्याने आपली घेतली.

म्हणून घर घेणाऱ्यांनी सदनिका केव्हाही पाहावी. परिसर मात्र आषाढात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाहावा. २०१८ साली पाणी कुठवर आले होते, ते शेजारच्या आजीबाईंना विचारावे. विहिरीचे पाणी चाखावे. भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जागा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येते का, ते नकाशावर तपासावे. महारेराची नोंदणी जरूर पाहावी, पण नोंदणी आहे म्हणजे पाणी शिरणार नाही, असे नव्हे. आणि सायंकाळी जिन्यात घटकाभर थांबून माणसे एकमेकांशी बोलतात का, तेही पाहावे.

ते कुटुंब आजही तेथेच आहे. घर विकून दुसरे घेण्याइतके पैसे नाहीत. शिवाय वरच्या मजल्यावरचा शेजार आता सोडवत नाही.

वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला आम्ही वेदीवरून किती वेळा दिला असेल! खाजणावरच्या घरात उभे असताना मात्र आमची जीभ उचलली नाही. आता आम्ही लोकांना सांगतो: आशीर्वाद द्यायला येऊच, पण विसार देण्यापूर्वी एकदा बोलवा.