कोरा झालेला अर्ज

वाचकहो, आपल्या हातातील मोबाइलला दोन स्मृती असतात. एक कायमची, तीत छायाचित्रे आणि पत्रे राहतात. दुसरी चालू कामापुरती. तिला रॅम म्हणतात. ती स्वयंपाकघरातील ओट्यासारखी समजावी. ओटा भरला की नवे पातेले ठेवण्यासाठी जुने उचलावेच लागते.

इंदूरच्या माझ्या भाचीने गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज स्वस्तातल्या मोबाइलवर भरावयास घेतला. पाऊण तास खपून तिने सारे रकाने भरले. शेवटी उत्पन्नाच्या दाखल्याचे छायाचित्र हवे होते, म्हणून तेथूनच कॅमेरा उघडला. छायाचित्र काढून परत येते, तो अर्ज कोरा! मुदत त्या रात्रीच संपावयाची होती. "मावशी, माझं काय चुकलं?" तिने रडवेल्या आवाजात विचारले. तिचे काहीही चुकले नव्हते.

कॅमेऱ्याला रॅम फार लागते. जागा अपुरी पडली की अँड्रॉइड प्रणाली पाठीमागे निजलेली अ‍ॅप आधी बंद करते. डोळ्यांसमोरच्या अ‍ॅपला शेवटपर्यंत सांभाळते. निजलेल्याला ती पूर्वसूचना देत नाही. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड मोबाइलची रॅम अवघी १९२ मेगाबाइट होती, हे पाहता ही कठोरता मला अन्यायाची वाटत नाही.

दोष आहे तो अ‍ॅप रचणाऱ्याचा. पडद्याआड जाताना अ‍ॅपला इशारा मिळतो, आणि एक गाठोडे प्रणालीपाशी ठेवता येते: कोणते पान उघडे होते, कोणता रकाना चालू होता. वापरणारा परतला की ते परत मिळते. मात्र गाठोडे लहानच असावे लागते. अर्जाचा मजकूर रकाना भरताक्षणीच कायमच्या स्मृतीत उतरवावयास हवा. एवढी तसदी न घेणारा मनुष्य बहुधा स्वतः महागडा मोबाइल वापरीत असावा!

आपल्या हाती थोडेच आहे. लांबलचक अर्जास बसण्यापूर्वी दाखल्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मोठी उत्तरे आधी टिपणवहीच्या अ‍ॅपमध्ये लिहावीत. आणि मोबाइल हलका व्हावा म्हणून अर्धवट कामाचे अ‍ॅप बोटाने सरकवून टाकू नये. तसे केल्यास प्रणालीने जपलेले ते गाठोडेही त्याबरोबर जाते.