दरेकसाच्या बोगद्यापासून पुण्याच्या पटापर्यंत

हावड्याकडून नागपूरला येणारी गाडी डोंगरगड सोडते, बोरतलावचे स्थानक मागे टाकते आणि डोंगराच्या पोटात शिरते. बोगद्यातून बाहेर पडल्यावर महाराष्ट्राचे जे पहिले स्थानक लागते, ते दरेकसा. डोंगरगडच्या चंद्रगिरी क्षेत्री जाणाऱ्या अनेक वाचकांनी हा बोगदा ओलांडला असेल. मात्र स्थानकाची पाटी वाचलेले थोडेच असतील. 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मार्ग या डोंगरातून गेला आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला. त्या काळापासून कोळसा, लोखंड, तांदूळ आणि माणसे यांची अखंड ये-जा येथून चालू आहे. पावसाळ्यात बोगद्याजवळचा हाजरा धबधबा फेसाळत कोसळू लागला की खिडकीशी बसलेले प्रवासी क्षणभर बोलणे थांबवतात. मग साग, मोह, तेंदूचे जंगल मागे सरते आणि भाताची खाचरे सुरू होतात.

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याचे हे गाव राज्याच्या अगदी पूर्व टोकाला आहे. वृत्तपत्रांतून त्याचे नाव वर्षानुवर्षे आले ते बहुधा नक्षलवाद्यांच्या ‘दरेकसा दलम’च्या निमित्ताने. गावाची ही ओळख अपुरी तर आहेच, अन्यायकारकही आहे. कारण याच परिसरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव तेथे लाखोंच्या संख्येने येतात. त्यांच्या परंपरेतील कथा अशी की, या गुहेत तेहेतीस मुले कोंडली गेली होती आणि दारावर प्रचंड शिळा होती. हिरासुका पाटालीर याने आपल्या वाद्याच्या सुरांनी त्या मुलांच्या अंगी बळ आणले, मुलांनी शिळा लोटली आणि ती सारी मोकळी झाली. पुढे पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना कोया पुनेमची शिकवण दिली. शिळा लोटली गेली तेव्हा हिरासुका स्वतः मात्र तिच्याखाली सापडला. या यात्रेला कोणी कोणास पत्रिका धाडत नाही. पौर्णिमा जवळ आली की लोक शिधा बांधून निघतात.

याच रुळांवरून पश्चिमेकडे निघावे, तर तासाभरात गोंदिया जंक्शन येते. तेथून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटते. राज्याची हद्द न ओलांडता ती सुमारे तेराशे किलोमीटर धावते. नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, पुणे, सांगली ही तिच्या वाटेवरील गावे. महाराष्ट्राच्या बुद्धिबळाचा इतिहास जणू या एकाच गाडीच्या वेळापत्रकात बसवता येतो, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये तो पुण्याच्या स्थानकावर एका विशेष प्रसंगासाठी थांबला.

त्या महिन्यात पुण्यात महिलांच्या जागतिक ग्रां-प्री मालिकेतील एक स्पर्धा झाली. मालिकेचे टप्पे सहा, आणि पुणे हा पाचवा. एकूण वीस खेळाडूंपैकी प्रत्येकीने तीन टप्पे खेळायचे, एका टप्प्यात दहाच जणी, प्रत्येकीची प्रत्येकीशी एक गाठ. म्हणजे नऊ फेऱ्या. खुल्या स्पर्धेत शुल्क भरून कोणालाही बसता येते. येथे तसे नाही. नाव आधीच यादीत असावे लागते. निवडक खेळाडूंना बोलावून स्पर्धा भरविण्याची ही रीत जुनी आहे. 1851 साली लंडनमध्ये सोळा खेळाडूंची जी पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तीही अशीच होती. जर्मनीचा अडॉल्फ अँडरसन तीत विजयी झाला.

पुण्याच्या पटांभोवती दहा खुर्च्या होत्या. चीनची झू जिनर, मंगोलियाची बत्खुयाग मुंगुनतूल, बल्गेरियाची नुर्ग्युल सालिमोवा, जॉर्जियाची सलोमे मेलिया, पोलंडची अलिना काश्लिन्स्काया आणि रशियाची, परंतु फिडेच्या ध्वजाखाली खेळणारी पोलिना शुवालोवा या सहा जणी परदेशातून आल्या. उरलेल्या चार भारतीय: कोनेरू हम्पी, द्रोणवल्ली हरिका, आर. वैशाली आणि नागपूरची दिव्या देशमुख. यांपैकी तिघी त्या वेळी ग्रँडमास्टर होत्या. हम्पी 2002 पासून, हरिका 2011 पासून आणि वैशाली अलीकडची. दिव्याला तो किताब अजून मिळाला नव्हता. हम्पी आणि झू जिनर यांचे नऊ डावांत सात-सात गुण झाले. सरस टायब्रेकच्या जोरावर हम्पी पहिली ठरली आणि दिव्या तिसरी आली. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेच्या गर्दीत खेळताना तिसरे यावे, हे कौतुकाचे खरे. परंतु त्या दहा खुर्च्यांचे खरे मोल तीन महिन्यांनी कळले.

जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक झाला. ही बाद पद्धतीची स्पर्धा; खेळाडू एकशे सात, आणि दिव्याचे मानांकन पंधरावे. अंतिम फेरीत पुन्हा पुण्याच्याच दोघी समोरासमोर आल्या. हम्पीचे वय अडतीस, दिव्याचे एकोणीस. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि 28 जुलै रोजी जलद डावांत दिव्याने दीड विरुद्ध अर्धा अशी बाजी मारली. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन निकष-कामगिऱ्या आणि 2500 गुणांकन लागते. विश्वचषकाच्या विजयाने तो किताब तिला थेट मिळाला. ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली आणि महिलांमध्ये चौथी. म्हणजे एप्रिलमध्ये पुण्यात बसलेल्या चार भारतीय मुली-स्त्रिया त्याच भारताच्या चार महिला ग्रँडमास्टर! योगायोग म्हणावा तर म्हणावा. मात्र उत्तमांच्या पंगतीत बसल्याने उत्तम होता येते, असाही त्याचा अर्थ लावता येतो.

येथे एक प्रश्न उरतो, आणि तो हिशोबाचा आहे. निमंत्रण गुणांकनावर मिळते, आणि गुणांकन वाढते ते बलवान प्रतिस्पर्ध्यांशी खेळून. बँकेच्या व्यवहारात ज्याच्यापाशी तारण आहे त्यालाच कर्ज सुलभ होते, तसाच हा प्रकार. प्राध्यापक आर्पाद एलो यांची गुणांकनाची पद्धत फिडेने 1970 मध्ये स्वीकारली. तिच्यात पक्षपात नाही. आकडे गाव विचारत नाहीत. तथापि पहिला आकडा मिळवायला मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव खेळावे लागतात, आणि मार्च 2024 पासून 1400 च्या खालचे गुणांकन यादीत धरले जात नाही. नागपूरच्या मुलासाठी हे पाच डाव आपल्याच शहरात किंवा एका रात्रीच्या प्रवासावर असतात. दिव्यापूर्वी रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टर त्या शहराने दिलेच आहेत. दरेकसाच्या मुलाने मनात आणले तर? पॅसेंजरने गोंदिया, तेथून गाडी बदलून नागपूर, सोबत आई किंवा वडील, त्यांची बुडालेली मजुरी, चार-पाच दिवसांचा मुक्काम, प्रवेशशुल्क. पट आणि मोहरे तर किरकोळ रकमेत येतात. महाग असते ते दुसऱ्याच्या गावी जाऊन हरणे. आणि हरल्यावाचून कोणी शिकलेले नाही.

निमंत्रणाचे दार केवळ पैशानेच बंद होते असेही नाही. 1976 मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तेव्हा तिच्या सहभागालाच हरकत घेतली गेली. प्रकरण फिडेचे अध्यक्ष आणि माजी विश्वविजेते मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेले. स्त्रियांना अशा स्पर्धेतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. पाच वर्षांनी, 1981 मध्ये, रोहिणी महिलांची आशियाई विजेती झाली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी राष्ट्रीय विजेतेपद कित्येक वर्षे घरातल्या घरात फिरते ठेवले. आज पुण्यात दहा जणींची जागतिक स्पर्धा सहज भरते, त्यामागे त्या तेरा वर्षांच्या मुलीने धरून ठेवलेली खुर्ची आहे.

दुसरे दार सांगलीत उघडले. पुण्यापुढे महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्यावरून तेथे पोहोचते. भाऊसाहेब पडसलगीकरांचे नूतन बुद्धिबळ मंडळ हे महानगर नसलेल्या गावचे; हळद आणि उसाच्या पेठेतले. मोठ्या शहरातील स्पर्धांची वाट न पाहता पडसलगीकरांनी स्पर्धाच आपल्या गावी आणल्या. उन्हाळ्याच्या सुटीत बाहेरगावचे खेळाडू सांगलीत उतरू लागले आणि स्थानिक मुलांना घरचे जेवून, घरी झोपून बलवान प्रतिस्पर्धी मिळू लागले. पुढे पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीच्या. स्वाती घाटेही तेथल्याच. दोघी राष्ट्रीय विजेत्या झाल्या. प्रवासाचा खर्च खेळाडूने सोसायचा की स्पर्धेने, या प्रश्नाचे इतके व्यवहारी उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

सांगलीला जे साधले ते गोंदियाच्या बाजूला साधण्यात रेल्वेची अडचण मुळीच नाही. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया हे मोठे जंक्शन आहे. नागपूर, रायपूर, बालाघाट, चंद्रपूर या चारही दिशांचे खेळाडू तेथे गाडीने थेट उतरू शकतात. भातगिरण्यांच्या या शहरात सभागृहे आहेत, धर्मशाळा आहेत, दानशूर व्यापारीही आहेत. खुल्या मानांकन स्पर्धेला लागते ते एक मोठे दालन, टेबल-खुर्च्या, घड्याळे, अधिकृत पंच आणि बक्षिसांची बेताची रक्कम. ती भरली, तर सालेकसा आणि दरेकसाच्या मुलांना सकाळच्या पॅसेंजरने येऊन, डाव खेळून, संध्याकाळच्या गाडीने घरी परतता येईल.