वळणावरचा बग

रोज येणारा बग परवडला, कधीमधी येणारा नको! माझ्या बाईकच्या हँडलवरच्या स्पीकरचं तसंच झालं होतं. जळगाव-धुळे हायवेवर गाणी मस्त चालू. एरंडोलला चहाला किंवा पारोळ्यात किल्ल्याकडे वळलो, की आवाज गुल! धुळ्याच्या दुकानात गाडी उभी केली तर सगळं ठणठणीत. तरी निदान तयार: "ॲम्प्लिफायर बदला." किंमत ऐकून म्हटलं, थांबा जरा.

आता बघा, हायवेवर हँडल वळतं कितीसं? पूर्ण वळतं ते गावातच. म्हणजे संशय हँडलखालच्या वायरींवर. मल्टिमीटरचा बीप वाजत होता, पण वायरीतली एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो. गाण्याला तेवढी पुरत नाही. म्हणून गाणं मोठ्याने लावून ॲम्प्लिफायरची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला व्होल्टेज मोजला. हँडल सरळ: जवळपास शून्य. पूर्ण डावीकडे: दोन व्होल्टच्या वर! वरचं प्लास्टिक धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं.

नवी वायर जरा सैल सोडून टाकली. ॲम्प्लिफायर जुनाच. त्याच अर्थवर जादा दिवेही आहेत बरं का. रात्री एखाद्या वळणावर गाण्याऐवजी तेच गेले असते तर... असो.